मुली विचारतील म्हणून

यमुनाताईंना मी पहिल्यांदा पाहिले आणि लगेच वर्गाबाहेर काढले. आमच्या ओळखीची सुरुवात ही अशी आहे, आणि ती लपवून पुढचे लिहिता येणार नाही.

आठ वर्षांपूर्वीचा जुलै महिना. नाशिकला आमच्या विद्यापीठात प्रीकॅल्क्युलसचा, म्हणजे कॅल्क्युलसला हात घालण्याआधी लागते त्या गणिताचा, वर्षभराचा वर्ग दर शनिवारी भरतो. बारावीला गणित सुटलेले, डिप्लोमात अडकलेले, नोकरी सांभाळून पदवी घेऊ पाहणारे असे विद्यार्थी त्यात येतात. त्या दिवशी मी वर्गात शिरलो तर तिसऱ्या बाकावर, विशीतल्या पोरांच्या मधोमध, पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसल्या होत्या.

"पालकांनी कृपया बाहेर थांबावं," मी म्हणालो आणि फळ्याकडे वळलो.

त्या उठल्या आणि बाहेर गेल्या. दोन तास शिकवून झाल्यावर मी हजेरी घेतली. "महाले यमुना" असे पुकारले, तेव्हा "हजर, सर" हा आवाज व्हरांड्यातून आला. दाराबाहेरच्या बाकावर बसून, खिडकीतून दिसेल तेवढा फळा त्यांनी वहीत उतरवून घेतला होता. डाव्या कोपऱ्यातले काही दिसले नव्हते, तेवढी जागा त्यांनी कोरी सोडली होती.

मी ओशाळलो. "तुम्ही सांगितलं का नाही?"

"तुम्ही शिकवायला लागला होता, सर. मध्येच कशाला थांबवायचं?" त्या म्हणाल्या. "तो कोपरा तेवढा सांगा आता."

यमुनाताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाचे बहुतेक वाचक यमुनाताईंना ओळखतातच. जे ओळखत नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. श्रीमती यमुनाताई महाले मूळच्या हरसूलकडच्या, भात-नागली करणाऱ्या घरातल्या. बी. ए. झाल्या, आणि पुढे सुरगाणा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेच्या मुलींच्या वसतिगृहावर अधीक्षिका म्हणून त्यांनी जवळजवळ सगळी नोकरी केली. दोन वर्षांपूर्वी त्या निवृत्त झाल्या आणि आता साठ वर्षांच्या होत आहेत. वर्गात आल्या तेव्हा त्यांचे वय बावन्न होते.

त्या वयात हे गणित कशासाठी, असे मी दुसऱ्याच शनिवारी विचारले होते. त्यांच्या शाळेत अकरावी-बारावीला विज्ञान शाखा होती, पण गणिताच्या शिक्षकाची जागा दोन वर्षे रिकामी होती. मुली अकरावीला हौसेने सायन्स घेत आणि दिवाळीपर्यंत एकेक करून आर्ट्सकडे वळत.

"संध्याकाळी पुस्तक घेऊन माझ्याकडे येतात," यमुनाताई म्हणाल्या. "घरचं दुसरं कोण असतं त्यांना तिथं? मी म्हणते, बाई, मला नाही येत. पण किती वर्षं तेच म्हणायचं, सर?"

दर शनिवारी पहाटे त्या सुरगाण्याहून जीप धरत, वणीला उतरत आणि तिथून एसटीने नाशिकला येत. वर्ग अकराला सुरू होई. वर्षभरात त्या दोनदा उशिरा आल्या, आणि दोन्ही वेळा जीप बंद पडली होती.

मी तेव्हा कसा शिक्षक होतो, तेही सांगितले पाहिजे. अभ्यासक्रम वेळेत संपवण्याबद्दल माझे नाव होते. कोणी "असं का?" म्हणून विचारले, की "ते तसंच असतं, लिहून घ्या," हे माझे ठरलेले उत्तर. यमुनाताईंनी पहिल्या महिन्यात तीन-चारदा हात वर केला, तीन-चारदा हे उत्तर ऐकले आणि पुढे हात वर करणे सोडून दिले. मला वाटले, समजायला लागले असेल.

सप्टेंबरात मी सगळ्यांच्या वह्या तपासायला घेतल्या. यमुनाताईंची वही उलटीकडून उघडली गेली. मागच्या पानांवर तारखेनिशी प्रश्न लिहिलेले होते. कोणत्याही संख्येचा शून्यावा घात एक का? उणे गुणिले उणे अधिक का? कोनासाठी अंश असताना रेडियन हे दुसरे माप कशाला? असे तेवीस प्रश्न. प्रत्येकापुढे बारीक अक्षरात एकच शेरा होता : "मुली विचारतील."

त्या रात्री मी जेवणानंतर ती यादी घेऊन बसलो. सोळा प्रश्नांची उत्तरे मला सरळ लिहिता आली. उरलेल्या सातांची उत्तरे मला माहीत आहेत असे मी वीस वर्षे धरून चाललो होतो. लिहायला बसलो तेव्हा ती येईनात. पुढच्या शनिवारपासून मी वर्गातली शेवटची वीस मिनिटे त्या प्रश्नांसाठी ठेवली. शून्याव्या घाताचा प्रश्न फळ्यावर आला तेव्हा आठ, चार, दोन असे निम्मे करत आम्ही एकवर पोचलो, आणि कधी तोंड न उघडणारी मुलेही "पुढे अर्धा, सर!" म्हणून ओरडली.

यामुळे यमुनाताईंचे गणित लगेच सुधारले, असे मात्र झाले नाही. ऑक्टोबरच्या परीक्षेत त्यांना पन्नासपैकी अकरा गुण मिळाले. मी त्यांना बोलावून घेतले आणि अगदी सहानुभूतीने सांगितले, "ताई, तुम्ही फार कष्ट घेताय. पण या वयात एवढा प्रवास... नाव काढून घेतलंत तरी कुणी काही म्हणणार नाही."

त्या म्हणाल्या, "पेपर बघू का माझा?"

आम्ही पेपर पाहिला. त्रिकोणमिती, फलने, आलेख हे सगळे त्यांना समजलेले होते. चुकले होते ते अपूर्णांकांच्या बेरजेत आणि कंस सोडवताना उणे चिन्हात. पाया सातवीतच कच्चा राहिला होता आणि त्यावर त्या अकरावी-बारावीचे मजले चढवत होत्या. त्यांनी पेपर घडी घालून पिशवीत ठेवला. "म्हणजे सातवीचं येत नाही मला," असे शांतपणे म्हणून त्या निघून गेल्या. नाव काढून घेण्याबद्दल एक शब्दही त्या बोलल्या नाहीत.

यानंतर त्यांनी काय केले ते मला पुष्कळ नंतर, त्यांच्या शाळेतल्या भोये गुरुजींकडून कळले. भोये गुरुजी सातवीला गणित शिकवत. दिवाळीची सुट्टी संपल्यावर एका सकाळी वसतिगृहाच्या अधीक्षिका वही घेऊन त्यांच्या वर्गात आल्या आणि मुलांबरोबर खाली बसल्या. गुरुजींची धांदल उडाली.

"बाई, खुर्ची घ्या ना!"

"नको, गुरुजी. फळा इथून बरा दिसतो. तुम्ही चालू ठेवा."

दीड महिना त्या रोज एक तास तिथे बसल्या. ज्या मुलींना त्या अंघोळीला उशीर केला म्हणून रागावत, त्याच मुली आता त्यांना "बाई, छेद सारखा करायचा राह्यला तुमचा" म्हणून सांगत. गुरुजी मला म्हणाले, "पहिले चार दिवस पोरी तोंड दाबून हसत होत्या. मग हसायचं बंद झालं. मग तर अशी गंमत झाली, कोणाला नाय आलं तर लाज वाटायची तीच बंद झाली."

त्याच दिवसांतली आणखी एक गोष्ट. हेमलता चौधरी नावाची अकरावीतली मुलगी दिवाळीहून परतली नव्हती. तिचे आईवडील दरवर्षीप्रमाणे दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला उतरले होते आणि ती धाकट्या भावाला सांभाळत त्यांच्याबरोबर राहिली होती. एका शनिवारी वर्ग सुटल्यावर यमुनाताई परतीच्या वाटेवर दिंडोरीला उतरल्या आणि विचारत विचारत त्या बागेत पोचल्या. हेमलताच्या आईने त्यांना पाणी दिले आणि खरे ते सांगून टाकले. "पोराचं काय, त्याला मी बघीन. पन ती म्हनते गनित नाय येत. वर्गात नुसतं बसून काय करू, म्हनते."

यमुनाताईंनी पिशवीतून आपला पेपर काढला आणि हेमलताच्या हातात दिला. "बघ. पन्नासात अकरा. मलाही नाही येत. दोघी मिळून बघू."

हेमलता आता सांगते, "बाईंनी समजावलं असतं तर मी आले नसते. समजावणारे लय भेटले होते. पण मार्क बघितले आणि मला हसूच आलं." सोमवारी ती वसतिगृहात हजर झाली.

यमुनाताईंच्या बोलावण्यावरून मी फेब्रुवारीत एका रविवारी त्यांच्या वसतिगृहावर गेलो. जेवणाच्या खोलीत अकरा मुली गोल बसल्या होत्या आणि मधे ताटे, परात, पातेल्यांची झाकणे मांडलेली होती. प्रत्येकीच्या हातात केसांची लाल रिबीन. आपापल्या ताटाच्या मध्यापासून काठापर्यंत रिबीन मोजायची, तेवढीच कापायची आणि तो तुकडा काठावरून फिरवत किती वेळा बसतो ते पाहायचे. परातीलाही सहा वेळा आणि वर थोडे, पातेल्याच्या झाकणालाही सहा वेळा आणि वर थोडे.

"समद्यांना सहाच कसं?" एक मुलगी म्हणाली.

"म्हणून तर कोन असा मोजायचा," यमुनाताई म्हणाल्या. "अंश माणसानं ठरवले. हे ताटानं ठरवलंय."

मी वीस वर्षे रेडियनची व्याख्या लिहून देत आलो होतो. पुढच्या शनिवारी मी घरातली परात आणि सुतळी घेऊन वर्गात गेलो. आजही जातो.

आता मुख्य गोष्ट. एप्रिलमध्ये अंतिम परीक्षा झाली. उत्तीर्ण व्हायला शंभरपैकी चाळीस गुण लागत. यमुनाताईंना बेचाळीस मिळाले होते. निकाल लागायचा होता. पण मी मनातून खूश होतो आणि सोमवारी गुणपत्रक कार्यालयात गेले की त्यांना फोन करायचे ठरवले होते. त्याआधीच शनिवारी दुपारी त्या माझ्या खोलीच्या दारात उभ्या. वर्ग संपलेले होते, तरी त्या एवढ्या लांब आल्या होत्या.

"सर, एक विचारायचं होतं. लॉगचं."

झाले होते ते असे. परीक्षेत दोनचा लॉग देऊन चारचा लॉग काढायला सांगितला होता. यमुनाताईंनी चार म्हणजे दोन अधिक दोन असे मांडले आणि दोनचा लॉग दोनदा घेऊन बेरीज केली. उत्तर आले ०.६०२०. उत्तर सोपे निघाले म्हणून त्यांनी रविवारी हीच रीत मुलींना शिकवली आणि पाचचा लॉग काढून दाखवला. पाच म्हणजे दोन अधिक तीन. दोघांच्या लॉगची बेरीज ०.७७८१. मुलींनी वहीत लिहून घेतले. फक्त हेमलताने लॉगचे कोष्टक उघडून पाहिले आणि म्हणाली, "बाई, हे तर सहाचं हाय. पाचचं वेगळं दिलंय."

"मी म्हटलं, छापताना चुकलं असेल," यमुनाताई म्हणाल्या. "ती म्हणाली, मग हाच आकडा नेमका सहापुढं कसा छापलाय? मला बोलताच येईना, सर. आठ दिवस झाले. अकरा पोरींच्या वहीत मी चुकीचं लिहून दिलंय."

मी त्यांचा पेपर काढला. बेरजेचा लॉग म्हणजे लॉगची बेरीज नव्हे. लॉगची बेरीज होते ती गुणाकाराची. दोन अधिक दोनही चार आणि दोन गुणिले दोनही चार, म्हणून चुकीच्या रीतीने बरोबर उत्तर आले होते. मी शेवटची ओळ पाहून चारपैकी चार गुण दिले होते. वरच्या ओळी मी वाचल्याच नव्हत्या.

खोलीत आम्ही दोघेच होतो. पेपर पुन्हा गठ्ठ्यात ठेवून दिला असता तर कोणाला काही कळणार नव्हते. ते माझ्या मनात आले, हे मी नाकारत नाही.

"ताई," मी म्हणालो, "हे चार गुण काढले तर तुमचे अडतीस होतात."

त्यांना क्षणभर कळलेच नाही. त्या गुणांसाठी आल्याच नव्हत्या. मग कळले. "म्हणजे नापास?"

"हो."

"पुन्हा वर्षभर?"

"हो, ताई."

त्यांनी पिशवीतून वही काढली. मी काहीतरी बोलायला तोंड उघडले, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "लॉगचं बरोबर काय ते आधी सांगा, सर. साडेचारची गाडी हाय. उद्या रविवार, पोरींच्या वह्या दुरुस्त करायच्यात."

मी समजावून सांगितले. त्यांनी दोन उदाहरणे माझ्यासमोर सोडवली, वही मिटली आणि दारातून म्हणाल्या, "कापा मार्क."

पुढे पुष्कळ दिवसांनी त्यांनी सांगितले की त्या दिवशी एसटीत दिंडोरी येईपर्यंत त्या रडत होत्या. शेजारच्या बाईंनी विचारले, कोणी गेले का? "नाही, गणितात नापास झाले," असे सांगितल्यावर त्या बाई सरकून बसल्या, हे सांगताना यमुनाताई खळखळून हसल्या होत्या. मला मात्र अजून हसता येत नाही.

मी गुण कापले. त्यानंतर मी गठ्ठ्यातले सगळे पेपर पहिल्या ओळीपासून पुन्हा तपासले. काहींचे गुण वाढले, काहींचे कमी झाले. निकाल लांबला म्हणून कार्यालयाने माझ्याकडे लेखी खुलासा मागितला, आणि मी घाईने तपासल्याचे लेखी कबूल केले. नोकरीतल्या इतक्या वर्षांत मी जे कागद लिहिले, त्यांत तो एक कागद मला आपला वाटतो.

जुलैत यमुनाताई पुन्हा आल्या आणि पहिल्या बाकावर बसल्या. त्या वर्षी माझी आई घरात पडली, मांडीचे हाड मोडले आणि ती दोन महिने दवाखान्यात होती. यमुनाताईंना हे कुठून कळले कोण जाणे. पण दर शनिवारी वर्ग सुटला की त्या आधी दवाखान्यात जात आणि आईची वेणी घालून मग गाडी धरत. "पडून पडून केसांच्या गाठी होतात, सर. तुम्हा पुरुषांच्या ध्यानात नाही येत," असे त्या म्हणाल्या. वसतिगृहात रोज लहान मुलींच्या वेण्या घालणारा तो हात आईला इतका आवडला, की शनिवारी दुपारपासून ती दाराकडे डोळे लावून बसे. यमुनाताई माझ्या विद्यार्थिनी आहेत, हे आईला शेवटपर्यंत खरे वाटले नाही. "तुझ्या त्या मोठ्या मॅडम," असेच ती म्हणत राहिली. मी दुरुस्ती केली नाही.

त्या वर्षी यमुनाताई एकसष्ट गुणांनी उत्तीर्ण झाल्या. त्या अकरा मुलींचे काय झाले, असे वाचकांच्या मनात येईल. सगळ्या शिकल्या असे लिहिता आले असते तर बरे वाटले असते. दोघी त्याच वर्षी आर्ट्सला गेल्या, तिघींनी बारावीनंतर शिक्षण सोडले. एक नाशिकला परिचारिका आहे, एक सुरगाण्यात औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. बाकीच्यांचा पत्ता यमुनाताईंना ठाऊक आहे, मला नाही. हेमलता एम. एस्सी. झाली आणि सध्या कळवणच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर गणित शिकवते. वर्गात कोणी उत्तर सांगितले, तर ती आधी कोष्टक उघडायला लावते, असे ऐकतो.

गेल्या महिन्यात यमुनाताईंचा फोन आला. निवृत्तीनंतर त्या हरसूलला भावाच्या शेजारी राहतात. मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले आहे, साखर थोडी वाढली आहे, भात बरा झाला, असे सगळे सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "सर, आता कॅल्क्युलस करायचं म्हणते."

मला अतिशय आनंद झाला. मी लगेच वर्गाची वेळ, प्रवेशाची तारीख सांगू लागलो. त्यांनी मला थांबवले. त्यांचा आवाज थोडा अवघडलेला होता.

"रागावू नका, सर. तुमच्याकडे नाही येत या वेळेला. हेमलताकडं बसणार आहे. उन्हाळ्यात महिनाभर कळवणलाच राहते तिच्याकडं. ती म्हणाली, बाई, मी शिकवते. तिला नाही कसं म्हणू?"

मी रागावलो नाही. माझ्या विद्यार्थिनीने आपल्यासाठी नवी शिक्षिका निवडली, आणि ती माझ्यापेक्षा चांगली आहे, याची मला खात्री आहे.

यमुनाताईंच्या डोळ्यांचे ऑपरेशन सुखरूप होवो, साखर ताळ्यावर येवो, कळवणचा उन्हाळा त्यांना सोसवो. कॅल्क्युलस त्या पूर्ण करतीलच. त्यानंतर काय शिकायचे, ते त्या ठरवतील. आणि त्याला लागतील तितकी वर्षे, धडधाकट प्रकृतीसह, त्यांना मिळोत.